शून्य शून्य दोनशे तेरा

१

दुपारचे साडेचार वाजले की मी फोनजवळची खुर्ची ओढून बसायचो. आपल्याकडचे साडेचार म्हणजे अल्जेरियात दुपारचे बरोबर बारा. तिकडं अमरेशची जेवणाची सुट्टी व्हायची आणि इकडं माझी बायको अक्काताई चहाचं भांडं उतरवून, पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत यायची.

अमरेश आमचा एकुलता एक मुलगा. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात वेल्डिंग शिकला, पुढं परीक्षा देऊन इन्स्पेक्टर झाला, आणि पुण्याच्या एका कंपनीनं त्याला गॅसच्या पाइपलाइनवर अल्जेरियाला पाठवलं. काम वाळवंटात. सगळ्यांत जवळचं गाव साठ किलोमीटरवर. मोबाइलला रेंज नाही, इंटरनेट नावापुरतं. कॅम्पच्या ऑफिसात एक फोन होता. त्यावरून बाहेर फोन लावायला कामगारांना परवानगी नव्हती, आलेला मात्र घेता यायचा. म्हणून रोज आम्हीच लावायचो.

आम्ही म्हणजे मी. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. गडहिंग्लज, नेसरी, आजऱ्याकडचे खांब चढलो, शेवटची अकरा वर्षं कोल्हापुरात एक्स्चेंजमध्ये बसलो, आणि निवृत्त झाल्यावर कळंब्यात हे घर बांधलं. कॉलनीतल्या सगळ्यांनी घरचे फोन काढून टाकले, मी तेवढा ठेवला. त्यावर परदेशची सोय चालू करून घेतली. शून्य शून्य दोनशे तेरा, मग गावाचा आकडा, मग कॅम्पचा नंबर. अक्काताईनं कधी लावला नाही. ती म्हणायची, आकडे तुमचे, बोलणं माझं.

तिकडची रीतही ठरलेली होती. आठ-दहा वेळा घंटा वाजायची. मग बेलकासम नावाचा कारकून उचलायचा. मी म्हणायचो, "अमरेश, इंडिया." तो "ओके, ओके" म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवायचा. मग जनरेटरची घरघर, कुणाची तरी खुर्ची, लांबून येणारे बूट, आणि मग अमरेश: "हां अप्पा, द्या अव्वाला." माझ्याशी त्याचं एवढंच. बाकीची पंधरा मिनिटं आईची. त्यात निम्मा वेळ तो उन्हाच्या नावानं आणि उरलेला तिथल्या आचाऱ्याच्या नावानं ओरडायचा.

सात महिने असंच चाललं होतं.

२

एका सोमवारी मी नंबर फिरवला आणि पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

बेलकासम नव्हता. मी तोंड उघडायच्या आधी रिसीव्हरमधून आवाज आला, "अव्वा."

आवाज अमरेशचा होता. मी म्हटलं, आज साहेब फोनपाशीच बसलेत वाटतं. रिसीव्हर अक्काताईकडं दिला. तिनं नेहमीसारखं कानडीत विचारलं, "ऊट आत?" म्हणजे जेवलास का. आमच्या घरात जेवणाचं आणि रागवायचं तेवढं अजून कानडीत चालतं. त्यानं सांगितलं, जेवलो. तब्येत बरी आहे. काम बरं चाललंय. पाच-सात मिनिटांत बोलणं संपलं.

पलीकडून फोन बंद झाला तरी अक्काताई रिसीव्हर हातात धरून बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "दमलेला वाटला."

मला खटकलं ते वेगळंच. मी जेमतेम दोन सेकंद ऐकलं होतं, पण या कानांनी आयुष्यभर लायनीच ऐकल्या आहेत. प्रत्येक लायनीला तिचा एक आवाज असतो. कुठं हलकी शिट्टी, कुठं खरखर. त्या दिवशी मागं काहीच नव्हतं. जनरेटर नव्हता, खुर्ची नव्हती, माणसं नव्हती. "अव्वा" एवढा शब्द आला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती पोकळी होती.

मी स्वतःची समजूत घातली. नवीन केबल टाकली असेल. ऑफिस दुसऱ्या खोलीत हलवलं असेल. कारणं चिक्कार असतात.

३

मंगळवारीही तसंच. अर्धी घंटा, आणि "अव्वा."

या वेळी मी स्पीकरचं बटण दाबलं. अक्काताईला ते आवडत नाही, पण काही बोलली नाही. अमरेश सावकाश बोलत होता. एक वाक्य, मग थोडं थांबायचं, मग दुसरं. जेवलो. बरं चाललंय. जरा घसा बसलाय. आणि तो खोकला. दोनदा बारीक, एकदा मोठा.

तेवढ्यात मला ठिबकण्याचा आवाज आला. टप्. टप्. आमच्या न्हाणीघरातला नळ नीट बंद होत नाही, खाली बादली असते, तिच्यात ठिबकतो तसा. मी आधी न्हाणीघराकडंच बघितलं. मग लक्षात आलं की आवाज स्पीकरमधून येतोय.

यात घाबरण्यासारखं काही नाही. लांबच्या फोनवर आपलाच आवाज परतून आपल्याला ऐकू येतो. खात्यात अशा तक्रारी मी शेकड्यांनी निवारल्या आहेत. आमच्या नळाचा आवाज आमच्या फोनमधून तिकडं जात होता आणि फिरून परत येत होता. मी उठलो, न्हाणीघरात गेलो, नळ पिळून बंद केला, खालची बादली उचलून बाहेर ओट्यावर ठेवली, आणि परत आलो.

स्पीकरमधलं ठिबकणं चालूच होतं.

मी उभ्यानं ऐकत राहिलो. आपला आवाज फिरून आला तर उशिरा येतो, हे खरं. पण मूळ आवाज बंद झाल्यावर तो किती वेळ फिरत राहील? एक सेकंद. फार तर दोन. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. चार मिनिटं गेली. बादली उन्हात ओट्यावर होती आणि स्पीकरमधला नळ तिच्यात ठिबकत होता.

अक्काताई फोनकडं तोंड करून ताठ बसली होती. अमरेश म्हणाला, "अव्वा, मला हाक मार की."

ती हसल्यासारखं करून म्हणाली, "मारते की बाळा. उद्या बोलू." आणि तिनं फोन ठेवला. आधी तिनं कधी ठेवलेला मी पाहिला नव्हता. नेहमी तोच ठेवायचा, बेलकासम मागं लागायचा म्हणून.

४

मला टिपणं ठेवायची सवय आहे. बुधवारी आणि गुरुवारी तो जे जे बोलला ते मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं उतरवून घेतलं. फार नव्हतं. अकरा-बारा वाक्यं.

गुरुवारी संध्याकाळी ते वाचत बसलो.

त्यातलं प्रत्येक वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. "जरा घसा बसलाय" हे तो श्रावणात म्हणाला होता, सर्दी झाली तेव्हा, आणि खोकलाही तेव्हाच खोकला होता. दोनदा बारीक, एकदा मोठा. "रजा डिसेंबरात मिळंल" हे दिवाळीच्या आधीचं. आता तर जानेवारी चालू होता. "जेवलो", "बरं चाललंय" ही तर रोजचीच. चार दिवसांत त्यानं उन्हाचं नाव काढलं नव्हतं. आचाऱ्याला शिवी घातली नव्हती. कुणा माणसाचं नाव घेतलं नव्हतं. माझ्याशी बोलायला तर तो आलाच नव्हता.

सगळी वाक्यं जुनी. एकच नवं होतं, आणि ते तो रोज म्हणायचा. अव्वा, मला हाक मार की.

हे अमरेश सात महिन्यांत कधी म्हणाला नव्हता. त्याच्या आयुष्यात कधी म्हणाला नव्हता. कोण म्हणतं असं?

मी तरीही कारण शोधत होतो. तिकडं कुणीतरी आमची बोलणी टेप केली असतील. पण कशासाठी? पाइपलाइनवरच्या एका वेल्डिंग इन्स्पेक्टरच्या आईनं जेवलास का विचारलं, ते कोण टेप करणार? आणि नळाचं काय? का मुलगा आजारी पडलाय, डोक्यावर परिणाम झालाय, आणि कॅम्पवाले लपवतायत? ही शेवटची शंका सगळ्यांत खरी वाटली आणि सगळ्यांत वाईटही. अक्काताईला मी काही सांगितलं नाही. तिच्या हृदयावर मागच्याच वर्षी उपचार झाले होते.

शुक्रवारी ती फोनवर नेहमीपेक्षा जास्त बोलली. शेजारच्या म्हशीला रेडकू झालं, कळंबा तलावावर कुठले पक्षी आलेत, नेसरीच्या आत्याचं गुडघ्याचं दुखणं. पलीकडून मधे मधे "बरं" येत होतं. हाक मारण्याचं त्यानं तीनदा काढलं. तीनही वेळा तिनं दुसराच विषय धरला.

५

शनिवारी सकाळी दहा वाजता घरचा फोन वाजला. अक्काताई देवळात गेली होती.

पुण्याच्या कंपनीतली बाई बोलत होती. दोन दिवस तुमच्या मोबाइलवर प्रयत्न करतेय म्हणाली, पण फॉर्मवर जुना नंबर होता, आज फाइलमधून हा सापडला. सहा दिवसांपूर्वी, रविवारी, तिकडं वाळूचं मोठं वादळ झालं होतं. कॅम्पचा टॉवर पडला, जनरेटर बंद पडला, आणि त्याच दिवशी सगळ्यांना दोन गाड्यांत घालून तिथून हलवलं. एक गाडी गावात सुखरूप पोचली. दुसरी वाटेत बिघडली आणि तिच्यातल्या पाच जणांना लष्कराच्या एका चौकीवर थांबवून ठेवलंय, असा निरोप आहे. अमरेश त्या पाचांत आहे.

मी विचारलं, निरोप म्हणजे काय.

ती मग म्हणाली, "निरोप आलाय, काका. पण त्या पाचांपैकी कुणाशी अजून कुणाचं बोलणं झालेलं नाही."

मी तिला सांगितलं की आमचं तर रोज बोलणं होतं. कालच झालं. कॅम्पच्या फोनवर.

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. तिनं मला नंबर विचारला, मी सांगितला. तिनं तो परत म्हणून दाखवला. मग फार हळू, मला लागू नये अशा बेतानं म्हणाली, "काका, त्या कॅम्पात रविवारपासून कुणीही नाही. आणि त्या फोनला लाइनच राहिलेली नाही."

संध्याकाळपर्यंत पक्कं कळवते म्हणाली, माझ्या मोबाइलचा नवा नंबर लिहून घेतला आणि फोन ठेवला.

६

मी खुर्चीत बसून राहिलो. खोलीत ऊन आलं होतं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. समोर अमरेशच्या खोलीचं दार, त्यावरचा निळा पडदा. सगळं रोजचं होतं.

त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते मी लपवणार नाही. बाई निरोप म्हणाली, पण निरोप कुणीही देतं. पोरगा रविवारीच गेला असेल तर? आणि जाताना त्याचं जे काही मागं राहिलं ते त्या फोनपाशी येऊन बसलं असेल तर? इतके दिवस तो आईला म्हणतोय, मला हाक मार, आणि आम्ही त्याला म्हशीच्या गोष्टी सांगतोय. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. आता नव्हता की होता ते विचारायला मी थांबलो नाही. माझा मुलगा तिकडं कुठंतरी असेल तर मला त्याच्याशी बोलायचं होतं.

अकराला मी नंबर फिरवला. साडेचार सोडून दुसऱ्या वेळेला पहिल्यांदाच.

घंटा वाजलीच नाही. शेवटचा आकडा दाबला आणि पलीकडं कुणीतरी होतं. कुणी बोलत नव्हतं. श्वास ऐकू येत होता. आत घेताना नाकात बारीक शिट्टी वाजते तसा. ही शिट्टी मला ठाऊक आहे. माझं नाक तरुणपणी खांबावरून पडून मोडलंय, तेव्हापासून ती माझीच आहे.

मी श्वास धरला.

तिकडचा चालू राहिला.

"कोण हाय?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"अप्पा," तो म्हणाला. सहा दिवसांत पहिल्यांदा. अगदी अमरेशच, लहानपणी ताप आला की बोलायचा तसा. "अप्पा, हाक मारा की."

"तू कुठं हायस पोरा?"

"हाक मारा की, अप्पा. मग येतो."

समोरच्या खोलीचा निळा पडदा सावकाश आत ओढला गेला. वारा असता तर तो फडफडला असता. तो फडफडला नाही. दाराच्या चौकटीत घट्ट ताणून बसला, कुणी आतून श्वास ओढून धरावा तसा. आणि कसलीतरी वाट बघत राहिला.

मला भीती वाटायला हवी होती. पण त्या क्षणी मला नुसतं रडू येत होतं. पोरगा येतो म्हणतोय. नाव तर घ्यायचं आहे. जे नाव मीच ठेवलं, ते.

मी तोंड उघडलं. "अ..."

माझ्या तोंडावर हात बसला. अक्काताईचा. ती कधी आत आली, चप्पल कधी काढली, मला कळलं नव्हतं. एका हातानं तिनं माझं तोंड दाबलं होतं आणि दुसऱ्या हातानं फोनचं बटण. तिच्या बोटांना कुंकवाचा आणि कापराचा वास होता. मग तिनं खाली वाकून भिंतीतली वायर उपटून काढली.

पडदा सैल पडून खाली लोंबत राहिला.

ती जमिनीवर बसली. तिला धाप लागली होती. मी तिला पाणी आणून दिलं. मग कंपनीतल्या बाईनं सांगितलेलं सगळं तिला सांगितलं.

७

अमरेशचा फोन दुपारी दोन वाजता माझ्या मोबाइलवर आला. नवा नंबर त्यानं कंपनीकडून घेतला होता. पलीकडं इतका गोंगाट होता की पहिल्यांदा मला काही ऐकूच आलं नाही. गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी अरबीत भांडत होतं, वारा होता, आणि त्या सगळ्याच्या वर माझा मुलगा ओरडत होता की हितं गावात पोचलोय, सहा दिवस डाळीचं पाणी पिऊन काढलेत, त्या गाडीच्या ड्रायव्हरला एकदा कोल्हापुरात आणून दाखवतो, आणि हां अप्पा, द्या अव्वाला.

मी मोबाइल पुढं केला. अक्काताईनं तो घेतला. थोडा वेळ ती नुसती ऐकत होती. पोटावर हात ठेवून. मग तिचा चेहरा पिळवटला आणि ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "अमऱ्या! अमऱ्या रे!" आणि मग कानडीत त्याला इतकं बोलली, इतकं बोलली, की तो पलीकडं गप्पच झाला.

मी मागच्या ओट्यावर जाऊन रडलो. रडून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. अमऱ्या. सहा दिवसांत हे नाव तिच्या तोंडून मी ऐकलंच नव्हतं. सगळा वेळ बाळा, पोरा, माझ्या राजा. तिच्या तोंडी हे शब्द कधी नसतात.

संध्याकाळी चहा घेताना मी विचारलं. तिनं सरळ सांगितलं, काही लपवायचं नसल्यासारखं.

"दुसऱ्याच दिवशी कळलं मला. अमऱ्या बोलला की मला हितं कळतंय," तिनं पोटाला हात लावला. "ह्ये बोललं की न्हाय कळायचं."

"मग सांगायचं न्हाय व्हय मला?"

"तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी लाइन तपासाय बसला असता."

ते खरं होतं. मी म्हटलं, मग फोन ठेवून द्यायचा होता, लावूच नका म्हणायचं होतं.

ती कपाकडं बघत राहिली. "ठिवला आनि त्ये तिकडं त्याच्याकडं गेलं तर? माझ्याशी बोलतंय तवर हितं गुतून हाय, असं वाटायचं. म्हून बोलत बसायची. कायबी बोलायची. नाव तेवढं जिभेवर आलं की दात दाबून धरायची."

"कशापायी? नावात काय हाय?"

"त्ये मला काय ठावं," ती म्हणाली. "मागत हुतं म्हून दिलं न्हाय."

८

पंधरा दिवसांनी अमरेश आला. मुंबईहून सकाळच्या गाडीनं, दाढी वाढलेली, गाल बसलेले, पण धडधाकट. आल्या आल्या त्यानं घरभर सामान पसरलं. आईसाठी खजूर, माझ्यासाठी चामड्याची चप्पल, जी मला एक बोट लहान झाली. अक्काताईनं ज्वारीच्या भाकरी आणि मटणाचा रस्सा केला होता. घरात मटण शिजत नाही, पण त्या दिवशी मागच्या अंगणात वेगळी चूल मांडून तिनं स्वतः केलं आणि आपण मात्र चाखलंही नाही. आम्ही दोघांनी ठरवलं होतं की त्याला यातलं काही सांगायचं नाही.

जेवताना तो चौकीवरचे दिवस सांगत होता. सैनिक चांगले होते, पत्ते शिकवले, चहा पाजला. मग घास हातात धरून जरा थांबला.

"एक गंमत झाली अप्पा. हसू नका. रोज दुपारी बाराला माझे पाय भाईर निघायचे. वाटायचं, आत्ता कोनतरी मला हाक मारनार. मारली की जायचं. मी फाटकापाशी जाऊन उभा ऱ्हायचो. सैनिक हसायचे. दहा-पंधरा मिंटं उभा ऱ्हायचो, हाक काय यायची न्हाय, मग परत येऊन पडायचो."

अक्काताईच्या हातातली पळी भांड्यात थांबली होती.

"कुठं जायचं?" मी विचारलं.

"त्येच तर. तिकडं काय नव्हतंच. नुसती वाळू." तो भाकरीचा तुकडा रश्शात बुडवत म्हणाला, "शेवटच्या दिवशी तर सकाळीच झालं. साडेसहा वाजले असतील. फाटक उघडं हुतं. मी चालाय लागलो. शंभरेक पावलं गेलो आसंन. चप्पलबी न्हवती पायात. आनि मला ऐकू आलं. पुरं न्हाय. नुसतं 'अ' म्हनून कोनतरी थांबलं. मी उभाच. म्हटलं पुढचं आलं की निघायचं. पन पुढचं आलंच न्हाय. मग एकदम खडे पायात घुसाय लागले आनि परत पळत आलो."

तो हसला आणि जेवायला लागला. मी मनातल्या मनात साडेसहात साडेचार मिळवले. पुन्हा एकदा मिळवून बघितले, अकराच आले. अक्काताईनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं त्याच्या ताटात रस्सा वाढला, तो पुरे म्हणाला तरी वाढला.

जेवण झाल्यावर तो बाहेरच्या खोलीतच चटईवर आडवा झाला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. तीन वाजले, चार वाजले. साडेपाचला त्याचे मित्र भेटायला येणार होते. अक्काताई म्हणाली, उठवायला पाहिजे. मी म्हटलं, व्हय, उठवायला पाहिजे.

आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना जाऊन बसलो. तो पालथा झोपला होता, एक हात उशीखाली, तळपायांना अजून कातडी सोलल्याच्या खुणा होत्या. घोरणं मस्त चाललं होतं. मी हाक मारली नाही. तिनंही मारली नाही. हलवलंही नाही. तो आपण होऊन कुशीवर वळून डोळे उघडीपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

त्यानं आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय झालं? असं का बसलाय?"

"काय न्हाय," अक्काताई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "च्या टाकते."